कंदील खाली जायला किती वेळ लागतो

सांगलीत मारुती चौकाच्या अलीकडे आमचं डीटीपीचं छोटं दुकान होतं. १९९८ पासून मी तिथे बसत आले. पेजमेकर, कोरल ड्रॉ, श्री-लिपीचे फॉन्ट आणि एक लेझर प्रिंटर, एवढ्यावर घर चाललं. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, पतसंस्थांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका, दहाव्याची पत्रं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी दुकानात शिरलं आणि काही दिवस उतरलंच नाही. परत शटर वर केलं तेव्हा कॉम्प्युटरच्या डब्यात गाळ बसला होता. वीस वर्षांच्या पत्रिकांच्या फाइली त्यात गेल्या. त्यातून उभं राहतोय तोवर २०२० चा मार्च आला. लग्नं पन्नास माणसांत होऊ लागली. पन्नास माणसांसाठी पत्रिका कोण छापणार? निमंत्रणं फोनवरून जाऊ लागली, आधी नुसता फोटो म्हणून, मग गाण्यासकट, हलणारी. बघता बघता व्हिडिओ पत्रिकांचं पेव फुटलं.

मी तेव्हा ४४ वर्षांची होते. माझा भाचा पुण्यात व्हिडिओ एडिटिंग करतो. लॉकडाउन सैल झाल्यावर तो आला तो स्वतःचा जुना कॉम्प्युटर गाडीच्या मागच्या सीटवर घालूनच. १६ जीबी रॅम, ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड. "मावशी, अक्षरं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतात. ती हलवायची कशी, तेवढंच शिकायचंय तुला," तो म्हणाला. त्याने डाव्हिंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती त्यावर टाकून दिली, कोरलच्या जागी चित्रं काढायला इंकस्केप दिलं, आणि दोन दिवसांनी परत गेला.

सॉफ्टवेअर उघडलं की खाली सात खाती दिसतात: मीडिया, कट, एडिट, फ्यूजन, कलर, फेअरलाइट, डिलिव्हर. मला ते परकं वाटलं नाही. छापखान्यातही कंपोझिंग, प्लेट, छपाई, बाइंडिंग अशी खाती असतात आणि काम एका हातातून दुसऱ्या हातात जातं. परकी होती ती खालची आडवी पट्टी, टाइमलाइन. पेजमेकरमध्ये पान पूर्ण समोर असतं. वर गणपती, मध्ये वधूवरांची नावं, खाली मुहूर्त, कोपऱ्यात 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं'. वाचणारा कुठूनही सुरुवात करतो, परत वर जातो, पत्रिका दोन दिवस टेबलावर ठेवतो. टाइमलाइनवर तसं काही नसतं. तिथे प्रत्येक ओळ येते आणि जाते. ती किती वेळ थांबणार हे मला ठरवायचं होतं, आणि वीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता.

एक दोनशे पानी वही केली. एका पानावर एक शब्द. कीफ्रेम, मास्क, लेयर, अल्फा चॅनेल, कोडेक, नोड, प्रॉक्सी. खाली माझ्या भाषेत अर्थ आणि एक आकृती. कीफ्रेमच्या पानावर लिहिलेलं आहे: 'पहिल्या सेकंदाला अक्षर इथे, दुसऱ्या सेकंदाला तिथे, असे दोन खिळे ठोकायचे. मधली वाट कॉम्प्युटर भरतो.' आजही तो अर्थ बदलावासा वाटत नाही.

दीड महिना मी रात्री नऊ ते साडेअकरा शिकवणीचे व्हिडिओ बघून तसंच्या तसं करत होते. समोरचा बटण दाबेल ते मी दाबायची आणि शेवटी त्याच्यासारखंच चित्र तयार व्हायचं. भाच्याला अभिमानाने पाठवलं. त्याने फोन केला. "छान झालंय. आता तो व्हिडिओ बंद कर आणि उद्या हेच परत करून दाखव, न बघता." दुसऱ्या दिवशी मी रिकाम्या पडद्यासमोर तासभर बसले. पहिला नोड कोणता जोडायचा तेच आठवेना. तेव्हापासून शिस्त घालून घेतली की व्हिडिओ एकदा पूर्ण बघायचा, मग बंद करायचा आणि मग हात लावायचा. अडलं तर वहीत बघायचं, वहीत नसेल तरच परत व्हिडिओकडे. वेग निम्म्याहून कमी झाला. पण त्या दिवसापासूनचं सगळं लक्षात राहिलं आहे. नव्याने शिकणाऱ्या कुणीही मला विचारलं तर मी पहिल्यांदा हेच सांगते.

माझ्या हातून हललेलं पहिलं अक्षर 'श्री' होतं. ते डावीकडून निघालं, मध्यावर आलं आणि टक्कन थांबलं, भिंतीवर आपटल्यासारखं. का वाईट दिसतंय ते कळेना. भाच्याला दाखवलं तर म्हणाला, "मावशी, ओटीवर झोपाळा आहे ना अजून? त्याच्याकडे बघ थोडा वेळ." मी खरंच जाऊन बघितलं. झोपाळा टोकाला जाताना मंद होतो, क्षणभर थबकतो, परत निघताना हळू निघतो आणि मध्यात सगळ्यात जोरात असतो. जगात हलणारी वस्तू अशीच निघते, अशीच थांबते. सॉफ्टवेअरमध्ये त्याला 'ईझ' म्हणतात. ग्राफ एडिटर उघडला की वेगाची रेघ दिसते. माझ्या 'श्री'ची ती पत्र्यासारखी सपाट होती. दोन्ही टोकांची हँडलं ओढून तिची टेकडी केली आणि अक्षराला वजन आलं. पुढे कळलं की डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या दोन जुन्या ॲनिमेटरांनी १९८१ च्या आपल्या पुस्तकात हालचालीची बारा तत्त्वं मांडली आहेत आणि त्यातलं एक हेच आहे. मी वहीत त्याच्या पानावर 'झोपाळा' असं शीर्षक दिलंय.

खरी झोंबाझोंबी पुढे होती, आणि ती आपल्या लिपीशी होती.

व्हिडिओ पत्रिकांसाठी तयार साचे मिळतात. त्यात नावं भरली की झालं. पण ते साचे बहुतेक रोमन अक्षरांसाठी केलेले असतात. रोमन अक्षरं सुटी असतात. एकेक उडत आलं, गिरकी घेऊन बसलं तरी काही बिघडत नाही. मी त्यात 'शुभविवाह' टाकलं. अक्षरं एकेक करून येऊ लागली, तशी शिरोरेखा तुकड्यातुकड्यांनी आली. 'वि'ची वेलांटी आधी एकटी आली आणि 'व'ची वाट बघत उभी राहिली. अक्षरं अर्धवट पारदर्शक असताना जिथे दोन शिरोरेखा एकमेकींवर चढतात तिथे काळे ठिपके दिसू लागले, शिवणीवर शाई सांडावी तसे. 'वऱ्हाडी मंडळी' लिहिलं तर एका साच्यात 'ऱ्ह'चा पाय मोडला आणि रफार वरती जाऊन बसला. ज्या बाईने वीस वर्षं जोडाक्षरं जुळवली तिला हे बघवेना. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी आपण आधी टाइप करायचो, कारण ती आधी दिसते. युनिकोडमध्ये 'व' आधी, वेलांटी नंतर, आणि तिला पुढे आणून बसवणं हे सॉफ्टवेअरचं काम. जे सॉफ्टवेअर ते काम नीट करतं तेही अक्षरं सुटी करायला सांगितली की गोंधळतं. त्याच्या लेखी अक्षर म्हणजे एक ठसा. आपल्या लेखी 'वि' हे एकच अक्षर आहे, त्याचे दोन तुकडे नाहीत.

सोपा उपाय होता. अख्खा शब्द एकदम आणायचा, किंवा मास्क लावून डावीकडून उजवीकडे पडदा सरकवल्यासारखा उघडायचा. बरेच जण तेच करतात आणि त्यात काही वाईट नाही. पण मला वाटलं, आपलं अक्षर हलायचंच असेल तर ते कसं हलेल? याचं उत्तर कुठल्याही शिकवणीत नव्हतं. ते माझ्या शाळेच्या पाटीवर होतं. आम्ही बालबोध लिहायला शिकलो तेव्हा आधी अक्षरांची अंगं लिहायचो आणि शब्द पूर्ण झाल्यावर वरून एक रेघ ओढायचो. ती रेघ ओढताना होणारा पेन्सिलीचा आवाज मला अजून ऐकू येतो.

मग तसंच करायचं ठरवलं. मुक्ता या मोफत फॉन्टमध्ये 'शुभविवाह' घेतलं, इंकस्केपमध्ये त्याच्या बाह्यरेषा केल्या, सगळ्या शिरोरेखा कापून काढल्या. खाली राहिली ती बिनटोपीची अक्षरं. ती एकामागून एक खालून वर येतील, मग डावीकडून शिरोरेखेची पट्टी धावेल, आणि ती 'व'वरून पुढे गेली की शेवटी वेलांटीची कमान उमटेल. आठ रात्री लागल्या. पूर्ण झाल्यावर आईला दाखवलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ती प्रत्येक गोष्ट मोठ्याने वाचते. तिने वाचलं, "शुमविवाह. हे शुम काय गं?"

'भ'च्या डोक्यावर रेघ पूर्ण नसते. 'थ' आणि 'ध'चंही तसंच. तिथे ती तुटते, आणि त्या तुटण्यानेच 'भ' हा 'म'पासून वेगळा ओळखू येतो. मी पट्टी सरळ शेवटपर्यंत पळवली होती आणि 'भ'चा 'म' करून टाकला होता. इतकी वर्षं फॉन्ट वापरला, पण ही खाच मला कधी स्वतःच्या हाताने कापावी लागली नव्हती. दुसऱ्या रात्री रेघेचे तुकडे केले. रेघ येते, 'भ'पाशी उचलली जाते, परत टेकते. आणि गंमत अशी की त्या उचलण्यामुळेच ती रेघ हाताने ओढल्यासारखी दिसू लागली. जे मी चूक म्हणून दुरुस्त करायला घेतलं तीच त्या सगळ्या कामातली सर्वांत जिवंत जागा झाली.

त्या शुभविवाहाची पहिली पत्रिका शेजारच्या काकूंच्या मुलीची. डिसेंबर २०२०. सगळं जुळून आलं, पैसे मिळाले, आणि दुसऱ्या दिवसापासून काकूंना फोन सुरू झाले: "मुहूर्त कितीचा आहे?" तारीख, वार, वेळ आणि मंगल कार्यालयाचं नाव असलेली पाटी मी दीड सेकंद ठेवली होती. मला ती पुरेशी वाटत होती, कारण मी ती दोनशे वेळा बघितली होती आणि मला ती पाठ होती. ज्याने ती पहिल्यांदा बघितली त्याच्यासाठी ती चमकून गेली. छापील पत्रिकेत मुहूर्त चुकला तर तो अक्षराचा खिळा चुकलेला असतो. इथे एकही अक्षर चुकलं नव्हतं, तरी निमंत्रण पोचलं नव्हतं. काकू काही बोलल्या नाहीत, पण मला फार लागलं. मी ते रात्रीत बदलून दिलं.

तेव्हापासून माझं माप म्हणजे आई. कुठलीही पाटी केली की तिच्यासमोर धरते आणि घड्याळ लावते. पाच शब्दांची साधी ओळ वाचायला तिला चार सेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला २५ चौकटी धरल्या तर शंभर चौकटी. आडनावं आणि गावांची नावं असली की जास्त. तिचं वाचून झाल्यावर मी आणखी अर्धा सेकंद ठेवते, कारण वाचून झाल्यावर ती मान हलवते आणि त्यानंतरच तिची नजर पुढे जायला मोकळी होते. तरुण मुलं म्हणतात, फार सावकाश आहे. पण निमंत्रण जितकं त्यांना असतं तितकंच त्यांच्या आजीलाही असतं.

आता वेळ वाढवला की फाइल वाढते. व्हॉट्सॲपवर तेव्हा १६ एमबीपर्यंतचाच व्हिडिओ जायचा. पत्रिका ४० सेकंदांची. १६ एमबी म्हणजे १२८ मेगाबिट, त्याला ४० ने भागलं की सेकंदाला ३.२ मेगाबिट, त्यातच आवाजही बसवायचा. हा हिशेब मला आवडला. कागदाच्या रिमवरून किती पत्रिका निघतील हे काढायचो तसाच तो आहे. आणि त्यातून एक गोष्ट कळली. एच.२६४ हा कोडेक मागच्या चौकटीपेक्षा पुढच्या चौकटीत काय बदललं तेवढंच प्रामुख्याने लिहून ठेवतो. त्यामुळे स्थिर पार्श्वभूमीवर संथ अक्षर असेल तर थोड्या जागेत स्वच्छ राहतं, आणि सगळीकडून फुलांच्या पाकळ्या पडत असतील तर त्याच जागेत सगळंच चिखल होतं. मी पाकळ्या काढून टाकल्या.

त्याच हिवाळ्यात भाच्याच्या घरी चार दिवस राहिले तेव्हा त्याच्या कॉम्प्युटरवर आफ्टर इफेक्ट्स पाहिलं. त्याचा इतिहास वाचताना एक नाव अचानक भेटलं. १९९३ मध्ये एका छोट्या अमेरिकन कंपनीने ते बाजारात आणलं आणि त्याच वर्षी ती कंपनी आल्डसने विकत घेतली. आल्डस म्हणजे पेजमेकरवाले! पुढच्या वर्षी आल्डसच अडोबीत गेली. कंपनीचं नाव व्हेनिसमधल्या जुन्या मुद्रकावरून, आल्डस मॅन्युशियसवरून घेतलेलं. माझ्या हाताखालचं पहिलं सॉफ्टवेअर आणि हे हलत्या अक्षरांचं सॉफ्टवेअर काही काळ एकाच छपराखाली होती, हे कळल्यावर मला त्या रात्री बराच वेळ झोप लागली नाही. मी आपला धंदा सोडून भलत्याच ठिकाणी आले आहे अशी एक बोच मनात होती. ती गेली.

दादासाहेब फाळक्यांचाही आधी छापखानाच होता, लोणावळ्यात. सिनेमासाठी भांडवल मिळावं म्हणून त्यांनी वाटाण्याचं बी कुंडीत लावून त्याच्या वाढीची एकेक चौकट टिपली आणि रोप आपोआप वाढताना दाखवलं. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये आला तेव्हा ते ४३ वर्षांचे होते. मी ते वाचलं आणि मटकी भिजत घातली. ताटात ओलं फडकं, त्यावर मटकी, वर फोन बांधलेला, ट्यूब रात्रभर चालू, दर दहा मिनिटांनी एक फोटो. २४ तासांत १४४ फोटो झाले. सेकंदाला २५ या हिशेबाने त्यांचा पावणेसहा सेकंदांचा व्हिडिओ झाला. पहिल्या वेळी फोन दर फोटोला उजेड आपला आपण ठरवत होता, त्यामुळे चित्र लुकलुकत होतं. दुसऱ्या वेळी एक्सपोजर लॉक केला. मोड कसे एकदम सरळ येत नाहीत, आधी दाणा कूस बदलतो, मग साल सरकते, हे मी इतकी वर्षं उसळ करूनही पाहिलं नव्हतं. अख्खा दिवस पावणेसहा सेकंदांत मावला आणि मुहूर्ताची एक ओळ दीड सेकंदात मावत नव्हती.

मग आईचं काम हातात घेतलं. हे कुणी सांगितलेलं काम नव्हतं.

आईचं माहेर हरिपूर, कृष्णा-वारणेच्या संगमावरचं. तिचे वडील, आमचे अप्पा, हळदीच्या पेवांवर कामाला होते. पेव म्हणजे जमिनीतलं कोठार. तोंड अरुंद, पोट रांजणासारखं मोठं. आत पाला अंथरून हळद भरायची, वरून तोंड बंद करून माती लिंपायची. वर्षानुवर्षं तिला कीड लागत नसे. २००५ च्या महापुरात तिथल्या पुष्कळ पेवांत पाणी शिरलं. पूर्वीसारखी पेवं आता राहिली नाहीत. 'पेव फुटणं' आपण रोज बोलतो, पण पेव आतून पाहिलेलं माणूस माझ्या घरात एकच होतं, तेही लहानपणी वरून डोकावून. मी तिला स्वयंपाकघरात बसवलं, फोन लावला आणि विचारत गेले. ३८ मिनिटांचं बोलणं झालं.

टाइमलाइनवर घेतलं आणि पहिल्या पाच मिनिटांतच काहीतरी खटकलं. सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळत होते, पुढे पुढे सुटत गेले, शेवटाला सव्वा सेकंदाचा फरक. मी दोन दिवस आवाज मागेपुढे सरकवत बसले. एके ठिकाणी जुळवला की दुसरीकडे सुटायचा. कारण भाच्याने सांगितलं. फोन सेकंदाला नेमक्या ३० चौकटी घेत नाही. उजेड कमी पडला की कमी घेतो, मग परत वाढवतो. आवाज मात्र एकाच गतीने चालत राहतो. हँडब्रेक नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमधून फाइल एकसमान चौकटींची करून घेतली आणि दुखणं गेलं. चित्रात ट्यूबच्या उजेडाच्या पट्ट्याही सरकताना दिसत होत्या. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, शटर तिच्याशी जुळलेलं नसलं की असं होतं. त्यावर नंतर काही करता आलं नाही. पुढच्या वेळी शटर एक पन्नासांश ठेवून बसवलं.

मग कापाकापी. मी आधी सगळं 'अं', सगळे थांबे, श्वास, मध्येच पदर सारखा करणं, हे काढून टाकलं. ३८ मिनिटांची ११ झाली. फार नीटनेटकं झालं आणि ती माझी आई राहिली नाही. बातम्या देणारी कुणी बाई वाटायला लागली. अप्पांचं नाव घेण्याआधी ती दर वेळी थांबते, हे मला ते थांबे कापल्यावर कळलं. मी ते एकेक करून परत बसवले. वॉल्टर मर्च या संपादकाने कट कुठे करावा याचा विचार पापणी मिटण्याशी जोडला आहे, आणि निकषांच्या उतरंडीत भावना सगळ्यात वर ठेवली आहे. आईच्या बाबतीत ते इतकं स्पष्ट दिसतं, की एक गोष्ट मनात पूर्ण झाली की तिची पापणी मिटते. मी तिथेच कापू लागले. जिथे थांब्याच्या जागी दुसरं चित्र घातलं तिथे खालचा आवाज एकदम मुका होऊ नये म्हणून रिकाम्या स्वयंपाकघराचा एक मिनिट आवाज वेगळा घेतला. पंखा, फ्रिज, लांबून रिक्षा. तो खाली सगळीकडे अंथरला आहे. कुणाला तो ऐकू येत नाही, पण काढला तर लगेच कळतं.

राहिलं पेव. त्याच्या आतला फोटो आमच्याकडे नाही, म्हणून ते मीच काढायचं. जमीन उभी कापल्यासारखी आकृती केली: वर उन्हाळ्याची जमीन, खाली मातीचे थर, मध्ये रांजणाच्या आकाराचा अंधार. आई सांगते की पेव उघडल्यावर लगेच कुणी उतरायचं नाही. आतली हवा कोंडलेली असते. तोंड मोकळं ठेवायचं, मग दोराला कंदील बांधून सोडायचा. विझला तर थांबायचं. तो कंदील मी केला. मास्क लावून त्याच्याभोवती उजेडाचं वर्तुळ केलं, ते भिंतीवरून सरकत जाईल आणि माती दिसत जाईल असं. वर एक कीफ्रेम, तळाशी एक, मध्ये दोन सेकंद. टोकांना ईझ. मला ते फार छान वाटत होतं.

आईने बघितलं आणि दचकून विचारलं, "पडला का कंदील?"

मी पाच सेकंद केले. "नाही गं. हा आपोआप चाललाय. कुणी सोडतंय असं वाटत नाही." मग तिने कपडे वाळत घालायची दोरी मागून घेतली, खुर्चीवर बसली आणि दाखवलं. एक हात धरतो, दुसरा खाली देतो, मग हात बदलतो. बदलताना दोर थांबतो. मी फोनवर ते टिपून टाइमलाइनवर, सेकंदाला २५ च्या हिशेबाने, चौकटी मोजल्या. एका हाताला ३८ चौकटी, त्यातल्या १२ थांबण्याच्या. पेव किती खोल? "तीन पुरुष तरी," ती म्हणाली. म्हणजे तिच्या हातांनी आठ हात. आठ गुणिले ३८, ३०४ चौकटी, बारा सेकंदांना थोडं वर. इथे एका झोपाळ्याचा ग्राफ चालणार नव्हता. आठ छोट्या टेकड्या, मध्ये सपाटी, प्रत्येक सपाटीवर कंदील किंचित डुलतो आणि उजेडाचं वर्तुळ त्याच्यामागून एक-दोन चौकटी उशिरा. सोळा कीफ्रेम दोराचे, डुलण्याचे वेगळे. एवढ्या कामाला फ्यूजनमध्ये चित्र अडखळत चाले, म्हणून दर हाताला रेंडर करून बघत गेले. तीन आठवडे गेले.

भाच्याला पाठवलं. तो म्हणाला, "मावशी, काम जबरदस्त आहे. पण एका शॉटला बारा सेकंद फार होतात. लोक अंगठ्याने पुढे ढकलतात. सहा कर." त्याचं म्हणणं त्याच्या कामात खरं आहे, मला माहीत आहे. त्याची दोन सेकंदांतली कामं मी बघते आणि शिकते. मी सहाचा करूनही बघितला. सहा सेकंदांत कंदील खाली जातो, पण विझेल की काय असं वाटायला वेळच मिळत नाही.

बाराचाच ठेवला. दिवेलागणीला आईला बसवलं, खोलीतला दिवा मालवला. यात कुठलाही शब्द नाही, त्यामुळे तिला वाचायला काही नव्हतं. ती गप्प बघत होती. मांडीवरचे तिचे हात मात्र हलत होते, एक धरत होता, दुसरा खाली देत होता. आठव्या हाताला कंदील टेकला, ज्योत क्षणभर बारीक झाली आणि परत उभी राहिली.

"पोचला," ती म्हणाली. "आता अप्पा उतरतील."

चित्र तिथे संपतं. पेवाच्या तोंडाशी मी माणूस काढलेला नाही. ती मात्र काळ्या झालेल्या पडद्याकडे बघत राहिली, आणि मी दिवा लावायला उठले नाही.